जन्मस्थळ रत्नागिरी

कशेडी घाटात एसटी पंक्चर झाली तेव्हा सगळे वैतागले. आत्या मात्र खाली उतरून करवंदाच्या जाळीत हात घालू लागली. तीस वर्षं हाँगकाँगात काढलेली बाई! आतोबा तिथल्या गोदीत नोकरीला होते. त्यांच्याबरोबर तिनेही तिथलं नागरिकत्व घेतलं. ते वारले, आणि आता तिला कायमचं माहेरी, रत्नागिरीला यायचं होतं. मुंबईपासून सोबतीला मी.

"पासपोर्ट इंग्रजांचा गो," ती सांगत होती, "पण त्यावर इंग्लंडात राहू देत नाहीत. आता हाँगकाँग चीनला जायचं ठरलंय. ते काय आम्हांला आपलं म्हणणार?"

रत्नागिरीत काकाने बहिणीसाठी परसदारी नवी खोली बांधली होती, चिऱ्यांची (जांभ्या दगडाची). चुन्याचा वास अजून गेला नव्हता. सकाळी मिरकरवाड्यात आत्याने तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) भाव असा पाडला की कोळीण हसत म्हणाली, "कुठली गो तू?"

"इथलीच!"

दुपारी तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी खाऊन आम्ही पोलीस कचेरीत गेलो. परदेशी नागरिकाला तिथे नोंद करावी लागते. साहेब भले होते.

"राहा की आजी, मुदत वाढवून मिळेल. पण पुन्हा भारतीय व्हायचं तर काही वर्षं इथेच राहावं लागेल, मग तिकडचं नागरिकत्व सोडायचं."

"मुलगा तिकडे आहे. त्याच्याकडे जायचं झालं तर?"

"तिकडची परवानगी लागेल."

"हाँगकाँग चीनकडे गेल्यावर त्याला कोण ठेवून घेणार?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "ते मी कसं सांगू?"

बाहेर आल्यावर काका म्हणाला, "अक्का, तू रहा. पोरगा त्याचं बघील."

"त्याला कुठेतरी थारा मिळू दे, मग येते. आत्ताच इथली झाले तर तो तिकडे एकटा पडेल."

काका भर उन्हात चष्मा पुसत राहिला. निघायच्या दिवशी त्याने नव्या खोलीचं दार ओढून घेतलं, कुलूप मात्र लावलं नाही.

मुंबईला विमानतळाच्या दारावर पोलिसाने आत्याचा पासपोर्ट उघडला. "जन्मस्थळ रत्नागिरी? म्हणजे आमच्याच की तुम्ही! परत कधी येणार?"

"तुम्ही येऊ द्याल तेव्हा," आत्या म्हणाली आणि आत गेली.

मी पुण्याची एसटी धरली. किती सहज घरी पोचले! वाटेत मला कुणी काहीही विचारलं नाही.