विसावं बाळंतपण

आमच्या लेबर रूमच्या दाराआड एक पांढरा फळा आहे. त्यावर नर्सिंगच्या विद्यार्थिनींचे नंबर असतात. ही पद्धत मी सुरू केली. आधी धीट मुली पुढे होऊन केस पकडायच्या आणि बुजऱ्या मुली दोन वर्षं कापूस पुरवत मागे उभ्या राहायच्या. आता जिचा नंबर, येणारी बाई तिची. बाई सिझेरियनला गेली तर नंबर गेला, पुन्हा रांगेच्या शेवटी. आणि ज्या हातांनी बाळाचं डोकं बाहेर घेतलं, केस त्या हातांची. अशी वीस बाळंतपणं केसबुकात उतरली, प्रत्येकाखाली माझी सही झाली, की परीक्षेचा फॉर्म मिळतो.

नियम माझेच, आणि मोडणारीही मीच निघाले.

त्या वर्षी फॉर्म भरायची मुदत सोमवारी दुपारपर्यंत होती. गुरुवारी सकाळी एकच विद्यार्थिनी मागे राहिली होती. रामटेककडची, घरी धानाची शेती, बोलायला कमी आणि कामाला चोख. एकोणीस बाळंतपणं झाली होती. लागोपाठ दोनदा तिचा नंबर आला आणि दोन्ही बाया सिझेरियनला गेल्या. फॉर्म चुकला तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. सहा महिने घरी बसल्यावर परत पाठवतील की नाही, याची तिलाच खात्री नव्हती.

दुपारी साडेतीनला तिचा नंबर लागला. बाईचं पहिलं बाळंतपण. चार वाजता माझी मीटिंग होती आणि त्याआधी यादीतली तीन कामं बाकी होती: राहिलेल्या फॉर्मवरचे फोटो, निर्जंतुक साहित्याची मोजणी, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांची राहण्याची सोय. हातमोजे घालून मी तिच्या शेजारी उभी होते, पण डोळे घड्याळाकडे. डोकं दिसायचं, परत आत जायचं. मुलगी हाताने आधार देऊन हळू आवाजात सांगत होती, "ताई, आता जोर नाही. फुंकर मारा, फुंकर. अशीच."

चारला दहा कमी असताना मी म्हणाले, "सरक."

ती सरकली नाही, म्हणजे तिला ऐकूच आलं नसावं. मी कोपराने तिला बाजूला केलं आणि डोकं घेतलं. बाळ रडलं. सगळं ठीक होतं, आणि मी नसते तरी ते ठीकच होणार होतं. त्या लेबर रूममध्ये माझ्याही आधीपासून काम करणाऱ्या मावशी बादली उचलता उचलता म्हणाल्या, "पोरगी बरोबर करून राहिली होती, मॅडम."

"मला दिसतं, मावशी."

"दिसत होतं तं मग काहून घाई केली?"

मी हात धुतले आणि मीटिंगला गेले.

पाचला मुलगी माझ्या टेबलाशी आली. केसबुक उघडं, पान कोरं. दारात तिच्या दोन मैत्रिणी.

"मॅडम, हे मी लिहू का?"

"लिही नं वं, विचारतं काहून?" मागून एक कुजबुजली. "पहिल्यापासून तं तूच होती नं."

मी विचारलं, "डोकं कोणी घेतलं?"

"तुम्ही."

"मग?"

"हाव, मॅडम." तिने पुस्तक मिटलं. रडली असती तर मला रागावता तरी आलं असतं.

मनीषनगरला मी दुसऱ्या मजल्यावर राहते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आई होती. घरात शिरता शिरता मी दिवसभराचं सगळं तिला सांगायची आणि ती मेथी निवडता निवडता मान वर न करता निकाल द्यायची. "चुकलं तुझं," एवढंच. मग मी भांडायची, मग जेवायची. कॉलेजात शेजारच्या टेबलावरच्या ट्यूटरबाई होत्या, त्यांना सांगितलं असतं, पण त्या निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेल्या. फोनवर फक्त गुडघ्यांचं बोलतात. त्या संध्याकाळी मी फोन उघडून बसले. जुन्या प्रत्येक बॅचचा एक ग्रुप आहे. प्रत्येकात शेवटचा निरोप एकसारखाच, हात जोडलेलं चित्र आणि 'थँक्यू मॅडम', त्यानंतर काहीच नाही. कुणाला काय लिहिणार? आज मी एका मुलीच्या हातातलं बाळ काढून घेतलं, असं?

माझ्या डायरीत उद्या काय करायचं ते लिहिता येतं. काय करायला नको होतं, त्यासाठी रकाना नाही. तरी पेन घेऊन बसले. सही करून टाकावी, हा एक मार्ग होता. सगळ्यांना तो न्यायच वाटला असता. पण त्या केसबुकावर विश्वास ठेवून उद्या तिला कुठल्या तरी उपकेंद्रात एकटी बसवतील. तिथे विसावी नोंद खोटी असेल तर एकोणीसही संशयात येतात. पोळी गार झाली. तशीच खाल्ली.

शुक्रवारी प्राचार्यांना सगळं खरं सांगितलं. त्या हसल्या. "तुमच्या हातून चूक झाली नं? मग सही करून टाका. एवढं काय धरून बसलात?"

"सही नाही करणार. रविवारी तिला ग्रामीण रुग्णालयात नेते. परवानगी द्या."

"आणि रविवारी एकही बाई आली नाही तर?"

मी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी परवानगी दिली.

रविवारी सकाळच्या बसने आम्ही निघालो. आमच्या मुली ग्रामीण पोस्टिंगला जातात तेच रुग्णालय. ती खिडकीशी, मी शेजारी. कामठी मागे पडली. मग मीच म्हणाले, "गुरुवारी तुझं बरोबर होतं. मी उगाच हात घातला."

तिने खिडकीची काच सरकवली. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या शिकताना किती केसेस झाल्या होत्या?"

"चोवीस."

"मंग वरच्या चार मले देऊन टाका नं."

बोलून ती स्वतःच घाबरली. मी हसले. किती दिवसांनी हसले, ते मोजलं नाही.

अकरापर्यंत कुणी नाही. बारापर्यंत नाही. ती तीन वेळा ट्रे मांडून मोडून पुन्हा मांडत होती. एकला एक बाई आली, दुसरं बाळंतपण, सोबत सासू. तपासलं, सगळं सरळ होतं. सासूने माझ्या विद्यार्थिनीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हे लहानशी पोरगी करन का? तुमीच करा नं, बाई."

"हीच करेल," मी म्हणाले. "मी इथेच आहे."

तीनच्या सुमाराला डोकं दिसायला लागलं. आलं, गेलं, आलं. माझे हात आपोआप पुढे जायला लागले तेव्हा मी साहित्याचा ट्रे उचलला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. मुलगी वाकली होती. "ताई, फुंकर. थांबा. थांबा हो. घाई नाही आपल्याला." खरंच घाई नव्हती. ती थांबत होती, आणि ते थांबणं माझ्यापेक्षा तिला चांगलं जमत होतं. मग डोकं तिच्या तळहातात आलं, खांदे वळले, मुलगी झाली. आईच्या पोटावर ठेवताच बाळ रडलं. नाळेतली धडधड थांबेपर्यंत माझी विद्यार्थिनी थांबली, मग न बघता हात मागे केला. मी चिमटा दिला. पुन्हा हात, मी कात्री दिली. या सगळ्यात तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

सासू म्हणाली, "झालं? एवढ्यात?" आणि नातीचं तोंड बघायला पुढे झाली.

मुलीने केसबुकाचं पान भरलं. मी खाली सही केली, तारीख घातली. तिचं गाव तिथून जवळ, म्हणून ती घरी जाऊन सकाळच्या बसने कॉलेजला येणार होती. "घरी चला नं, मॅडम," ती दोनदा म्हणाली. मी नाही म्हटलं. सोमवारची कामं होती. कामं नसती तरी बहुधा नाहीच म्हटलं असतं. सवय नाही.

मी आत ट्रे धूत होते. ती व्हरांड्यात आईशी फोनवर बोलत होती, मोठ्याने, दोन वर्षांत कधी ऐकला नव्हता अशा आवाजात.

"झाले वं आई, वीस झाले! हाव, मीच केली. सगळी मीच."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"मॅडम? हाव, होत्या नं. काही नाही केलं त्यांनी. बाजूले उभ्या होत्या."

मी नळ बंद केला. बस सव्वापाचची होती.