बाभळीखालचा कोपरा

संध्याकाळी काम आटोपलं की भागाबाई आमच्या वाटेत उभी राहायची आणि म्हणायची, "मुठी उघडा." आम्ही पुरातत्त्व शिकलेली माणसं शाळकरी पोरांसारखे हात पुढे करायचो. मग पिशव्या, मग जीपची मागची सीट. खापराचे तुकडे तेवढे ती जाऊ द्यायची. काही निघालं नाही तरी तिचं समाधान नसे. "आज नसंल," म्हणायची.

रान दौलताबादच्या अलीकडचं. दुष्काळात सलग पडीक राहिलं, म्हणून शहरात नोकरी करणाऱ्या मालकानं, अण्णांनी, ते सौर प्रकल्पाला भाड्यानं दिलं. पॅनेलचे खांब ठोकण्याआधी मातीखाली काही जुनं आहे का, हे चर खणून पाहायचं काम आमचं. भागाबाईचं तिथं कागदोपत्री काही नव्हतं. धनगराची म्हातारी, पडीक रानात शेळ्या चारायची, एवढंच.

"तुमी सरकारचे का कंपनीचे?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"पैसे कंपनी देते मावशी, परवानगी सरकारची."

"म्हंजी दोन्हीकडून. मला कुनाचा इतबार नाय." आमचा चहासुद्धा आधी आम्ही प्यालो, की मगच ती पेल्याला हात लावायची. तिचा मला राग यायचा आणि ती आली नाही की चुकल्यासारखंही व्हायचं.

चर बांधावरच्या बाभळीकडे सरकू लागले, तशी ती शेळ्या नेमक्या तिथंच बसवू लागली. हाकलल्या की पुन्हा आणायची. एकदा रान बघायला आलेल्या अण्णांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, म्हातारीला गुप्तधन ठाऊक हाय. लक्ष ठेवा." मी हसण्यावारी नेलं, पण डोळा बाभळीवर ठेवलाच. एवढा आटापिटा कुणी उगाच करत नाही.

एका दुपारी चरात फुटका रांजण लागला. मी पालथी पडून ब्रशनं त्याच्याभोवतीची माती काढत होते. भागाबाई काठावर उकिडवी बसून बघत होती.

"समदं असंच हळू काढता?"

"हो."

"आन बाभळीखाली काय नाय घावलं तर?"

"काही नाही, असं लिहून देऊ."

"मंग खांब ठोकतील."

"ठोकतील, मावशी."

गडी जेवायला गेले होते. तरी तिनं चारी बाजूंना पाहिलं आणि आवाज उतरवला. "तिथं माझी लेक हाय. सव्वा म्हयन्याची व्हती. तान्हं जाळत नाय आमच्यात. पुरली तवा रान कुनाचं, हे कुनी इचारलं नाय."

आमचे नियम जुन्यासाठी, तिची लेक त्यात बसत नव्हती. कंपनीच्या साहेबांना सांगून कोपरा सोडायला लावते, असं मी म्हणाले.

"हा सायेब व्हय म्हनंल, उद्या दुसरा यील. तुमीच काढा. म्या रोज बगते, तुमचा हात हलका हाय."

दुसऱ्या दिवशी गडी यायच्या आत आम्ही दोघीच गेलो. नखानं खरवडावी तशी मी माती काढली. काड्यांसारखी चार हाडं आणि मनगटातला एक काळा मणी. भागाबाईनं पदर पसरला. माझे डोळे भरून आले, तिचे कोरडेच होते. तिनं गाठ मारली, कमरेला खोचली आणि उठली.

"कुठं ठेवणार, मावशी?"

ती थांबली. कमरेची गाठ चाचपून पाहिली.

"ते तुमालाबी सांगायचं नाय, बाई," म्हणाली आणि डोंगराच्या अंगानं चालू लागली.