अंगारा पुसल्यावर

शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले आणि संकट मागे पडले असे घरात बोलले जाऊ लागले, त्याच सुमारास डॉक्टरबाईंनी मला पुन्हा बोलावून घेतले. स्तनातून काढलेल्या गाठीच्या कडेपर्यंत रोगाच्या पेशी आढळल्या होत्या. याचा अर्थ आत काही उरले असेल, किंवा नसेलही. रेडिएशन सुरू करण्यापूर्वी मॅमोग्राम पुन्हा काढावा, असे त्यांनी सांगितले. माझा रोग मुळात ओळखला गेला तो चुन्याच्या अगदी बारीक कणांमुळे. क्ष-किरणांच्या चित्रात ते पांढरे दिसतात. तसे कण अजून शिल्लक आहेत का, आणि असतील तर किती दूरवर, यावर पुढचे सारे अवलंबून होते. एका जागी असतील तर तेवढाच भाग कापून काढता येणार होता. सर्वत्र असतील तर संपूर्ण स्तन काढावा लागणार होता. डॉक्टरबाईंनी हे गाडीचे वेळापत्रक वाचून दाखवावे तसे सांगितले, आणि मीही ते तसेच ऐकून घेतले. घरी आल्यावर मात्र कॉफी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतत राहिले, ती पार निवली तरी.

मी तंजावूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. देवाधर्माकडे मी उशिरा वळले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, पण लिहिणे-वाचणे सगळे तमिळ आणि इंग्रजीतून. देवनागरी अक्षरे मी निवृत्तीनंतर गिरवली, तीही देवीचे स्तोत्र स्वतः वाचता यावे म्हणून. तेव्हा माझी भाषा पुस्तकी वाटली, तर ती पुस्तकातूनच आली आहे असे समजावे. श्रद्धेचेही तसेच होते. ती मला बोलण्यातून मिळाली नव्हती, शिकून घ्यावी लागत होती, आणि शिकणाऱ्याला वाटते तसा संकोच मला देवळातही वाटत असे. हात कसे जोडावेत, किती वेळ उभे राहावे, हे मी शेजारच्या बायकांकडे पाहून ठरवीत असे.

पापनाशमच्या बाजूला, भाताच्या खाचरांच्या कडेला देवीचे एक लहानसे देऊळ आहे. तिथे एका सकाळी मी बसने एकटीच गेले. यजमान बरोबर येतो म्हणाले होते, पण कुणी पाहत असताना मला काही मागता येत नाही. गाभाऱ्यात तेलाचा वास होता आणि देवीच्या अंगावर लिंबांची माळ होती. मी मागितले ते एवढेच, की चित्रात काही दिसू नये. शब्द हेच होते, आणि पुढे त्यांचा मला पुष्कळ विचार करावा लागला. पुजाऱ्याने केळीच्या पानाच्या तुकड्यात अंगारा दिला आणि जिथे दुखते तिथे लाव म्हणाला. व्रण तोवर पूर्ण भरून आला होता. मी रोज स्नानानंतर तो अंगारा व्रणावर आणि भोवती सर्वत्र लावू लागले. सुरुवातीला चिमूटभर घेत असे. तपासणीचा दिवस जवळ येऊ लागला तशी चिमूट मोठी होत गेली.

तपासणीच्या सकाळी मी नेहमीपेक्षा अधिकच लावला. तिथे चित्र काढणाऱ्या मुलीने मला गडद निळा झगा दिला आणि सराईतपणे तमिळमध्ये विचारले, “अंगाला पोडी, सेंट, क्रीम काही लावलंय का, अम्मा?” पोडी म्हणजे आमच्याकडे पावडर, सांबाराचीही पोडीच आणि तोंडाला लावायचीही पोडीच. मी नाही म्हणाले. हे लपवणे नव्हते. देवीच्या अंगाऱ्याला कुणी पोडी म्हणेल, हे माझ्या मनातही आले नाही. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना नेमके शब्द वापरायला सांगणारी मी, त्या शब्दाच्या अलीकडेच थांबले. खोलीत उजेड मंद होता. यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये स्तन दाबला गेला, व्रण ताणला गेला, आणि मी भिंतीकडे पाहत देवीचे नाव घेत राहिले.

चित्रे पाहून त्या मुलीचा चेहरा जरा बदलला. डॉक्टरांनी आणखी चित्रे काढायला सांगितली आहेत, थोडा वेळ बाहेर बसा, असे ती म्हणाली. मी फार भिडस्त आहे. तरी त्या वेळी मी विचारले. ती आधी टाळत होती, मग म्हणाली, “पोट्टु पोट्टु दिसतंय, अम्मा. सगळीकडेच. मोठे डॉक्टर बघून सांगतील.” पोट्टु म्हणजे ठिपका, कपाळावरच्या टिकलीलाही आम्ही पोट्टुच म्हणतो. पुरुषांना त्या भागात येऊ देत नसत, म्हणून मी खाली बसलेल्या यजमानांना फोन केला. “अहो, सगळीकडे आहे म्हणतात,” एवढेच मला बोलता आले. मी काही खाल्ले आहे का, असे त्यांनी विचारले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्याजवळही दुसरे शब्द नव्हते.

शेजारच्या खुर्चीवर एक वयस्क बाई बसल्या होत्या. सुनेच्या तपासणीसाठी ओरत्तनाडूहून आल्या होत्या, असे नंतर कळले. तोवर त्या सुनेशी तमिळमध्ये बोलत होत्या. माझा फोन संपताच माझ्याकडे वळून त्या मराठीत म्हणाल्या, “तुम्ही आमचींच की गे!” त्या इमारतीत, त्या क्षणी, घरची भाषा कानावर पडावी याने मी गडबडूनच गेले. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. माझ्या निळ्या झग्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “आणि हे काय? इडलीचं पीठ सांडलंय काय गे अंगावर?”

मी खाली पाहिले. छातीवर निळ्या कापडाला राखेचे पांढरे डाग पडले होते. देवीचा अंगारा आहे, असे मी हळूच सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि लगेच पिशवीतून एक लहान तुंडु, म्हणजे पंचा, काढून बाटलीतल्या पाण्याने भिजवला.

“जा, नीट पुसून ये,” त्या म्हणाल्या. “डाक्टरापुढं असं पीठ माखून जातात काय?”

“देवीचा आहे,” मी पुन्हा म्हणाले.

“असूं दे की. ती काय राखेला चिकटून बसलीय? पुसल्यावर जाईल कोठे?”

सून तोंडाला पदर लावून हसली. मी तो ओला तुंडु घेऊन आत गेले. त्या बाईंना यंत्राविषयी काही ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. त्यांचा आक्षेप केवळ टापटिपीचा होता. मी मात्र पुसताना रडले. रोगाच्या बातमीवर आले नव्हते ते रडू तेव्हा आले, कारण माझ्याजवळचा एकमेव आधार मी स्वतःच्या हाताने काढून टाकते आहे असे मला वाटत होते. व्रणाच्या खोलगट रेषेत राख बसली होती, ती निघायला वेळ लागला.

दुसऱ्यांदा चित्रे काढली तेव्हा ती मुलगी पडद्यापुढे थबकली. मघाचे ठिपके बहुतेक नाहीसे झाले होते. तिने माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या तुंडूकडे पाहिले आणि काय पुसले ते विचारले. मी “तिरुनीरु” म्हणाले. अंगाऱ्याला तमिळमध्ये तसे म्हणतात.

“अम्मा,” ती हसू आवरत म्हणाली, “तिरुनीरु पोडी नाही, तर काय पायसम आहे?”

पायसम म्हणजे खीर. राखेतले कणही क्ष-किरणांत पांढरे दिसतात, हे तिने मग समजावून सांगितले. पण सगळेच ठिपके गेले नव्हते. व्रणाच्या आतल्या बाजूला चार-पाच कणांचा एक पुंजका जागेवरच होता. मोठे करून काढलेल्या चित्रात तो स्पष्ट दिसत होता. डॉक्टरबाईंनी पुन्हा शस्त्रक्रिया करून तेवढाच भाग काढला. त्यात रोग उरलेला होता, आणि या वेळी कडा स्वच्छ निघाल्या. स्तन राहिला. पुढे रेडिएशन झाले, तेही निभावले. ठिपक्यांच्या पहिल्या गर्दीत तो खरा पुंजका वेगळा ओळखता आला असता का, असे मी डॉक्टरबाईंना एकदा विचारले. कदाचित आला असता, पण गोंधळ झाला असता, एवढेच त्या म्हणाल्या. याहून अधिक मीही म्हणत नाही.

त्या दिवशी तुंडु परत करायला मी बाहेर आले, तेव्हा त्या सासू-सुना निघून गेल्या होत्या. नाव विचारायचे राहून गेले. पुढे ओरत्तनाडूला जाणे झाले तेव्हा दोघा-चौघांकडे चौकशी केली, पण नाव ठाऊक नसलेल्या माणसाची चौकशी करणार तरी कशी? तुंडु धुऊन देवघराच्या खणात ठेवला आहे. त्या बाई देवी वगैरे नव्हत्या, एक भल्या बाई होत्या, असे यजमानांचे मत आहे. ते माणसांवर विश्वास ठेवणारे आहेत, आणि मला ते मतही पुरेसे वाटते.

मी विचार करते तो माझ्या मागण्याचा. काही दिसू नये, असे मी मागितले होते. काही नसावे, असे नाही. दिसू नये, असे. देवीने दिलेली वस्तू मी देवीसमोर आणि यंत्रासमोर पडद्यासारखी धरली होती. मागितलेले जसेच्या तसे मिळाले असते, तर त्या राखेआड तो लहानसा पुंजका सुखाने वाढत राहिला असता. स्वाधीन होणे म्हणजे काहीतरी घट्ट धरणे असे मी समजत होते. त्या दिवशी मला हातातले सोडावे लागले, आणि तेही माझ्या शहाणपणाने नव्हे, कुणीतरी माझ्या भाषेत रागावले म्हणून. आता मी पापनाशमला जाते तेव्हा, जे आहे ते दिसू दे, एवढेच म्हणते. हे म्हणताना भीती वाटते. ती वाटू देते.

अलीकडे वर्षाची तपासणी होती. तीच मुलगी होती. तिने नेहमीप्रमाणे विचारले, “पोडी?” मी म्हणाले, अंगावर काही नाही, कपाळावर अंगारा आहे तेवढाच, आणि तो पुसण्यासाठी पदर उचलला. तिने माझा हात धरून खाली घेतला.

“कपाळाचा फोटो नाही काढत, अम्मा,” ती म्हणाली. “तो असू दे.”