आमच्या अंगणातली मोटारबोट

बोट आमच्या गल्लीत आली ती उसाच्या ट्रॉलीत बसून. तिचा स्वतःचा दोन चाकांचा गाडा होता, पण तो इतका गंजला होता की त्यालाच उचलून आणावं लागलं. खाली गाडा, गाड्यावर बोट आणि बोटीत उभे आमचे हे, ट्रॅक्टरवाल्याला "हळू, हळू" म्हणून ओरडत. आष्टीसारख्या गावात, भर एप्रिलच्या उन्हात. मी नुकतीच शाळेत शिकवून आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या.

ह्यांचं मोटारी आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. तळ्याकाठच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातला पंप काढायला गेले होते. मालक सगळं मोडून जागा रिकामी करत होता. बाभळीखाली पडलेल्या बोटीला ह्यांनी नुसता हात लावून पाहिला, तर तो म्हणाला, "घेऊन जा. न्हाई तर उद्या जेसीबी येऊन चुराच करणार हाय." आमच्या माणसाला एवढं पुरतं.

ओट्यावर अक्का लसूण सोलत बसल्या होत्या. अक्का म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांची थोरली बहीण. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्याच्या रानात खुरपणी आणि कापूसवेचणी केली, धाकट्या भावाला आयटीआयपर्यंत शिकवलं, आणि आता आमच्याकडंच राहतात. त्यांनी ट्रॉलीकडं पाहिलं, मग भावाकडं.

"आरं बाबा, प्यायला पाणी न्हाई अन् तू नाव घेऊन आलास?"

"अक्का, फायबरची मोटारबोट हाय."

"मंग रोडवर चालती का?"

गल्ली हसली, हेही हसले. मला मात्र ती बघताक्षणी आवडली होती. निळा रंग उडून पांढुरका झालेला, आत बाभळीच्या शेंगा आणि सरड्यांचा संसार, पण पुढचं नाक असं ऐटीत वर उचललेलं की बाई कुठंतरी निघालीच आहे.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी बोटीची मागची भिंत, जिच्यावर इंजिन टांगतात, ती स्क्रू ड्रायव्हरनं टोचून पाहिली. तो मुठीपर्यंत आत गेला. फायबरच्या दोन थरांमधली लाकडी फळी कुजून चोथा झाली होती. ह्यांचा चेहराच उतरला. मी म्हटलं, "फळीच आहे ना? बदलू की." सहज बोलून गेले, आणि माझी उन्हाळ्याची सुट्टी त्या बोटीच्या नावे झाली.

जालन्यात फायबरची दारं बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तिथून आम्ही रेझिनचा डबा, हार्डनरची बाटली आणि काचेच्या धाग्यांची पांढरी मॅट आणली. ती जाजमासारखी गुंडाळलेली असते. कारखान्यातल्या माणसानं बजावून सांगितलं होतं की उन्हाळ्यात हार्डनर अगदी कमी टाका. आम्ही पहिल्याच घाण्याला अंदाजानं ओतला. मगातलं रेझिन गरम झालं, त्यातून धूर निघाला, आणि बघता बघता आंघोळीचा प्लास्टिकचा मग वाकडा झाला. हे तो मग हातात धरून अंगणभर पळाले. "टाका की खाली!" मी ओरडले, तेव्हा कुठं त्यांना सुचलं.

त्यापेक्षा वाईट गत खाजेची. जुनं फायबर ग्राइंडरनं घासताना जी भुकटी उडते ती काचच असते, हे माहीत असूनही मी अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजवर कामाला लागले होते. संध्याकाळपर्यंत हात आणि मान लालबुंद. अक्कांनी मला खोबरेल तेल लावलं आणि लावता लावता भावाला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच्या पेटीतून वेचणीला घालायचा पुऱ्या बाह्यांचा जुना शर्ट काढून माझ्यापुढं टाकला. "हे घाल, मास्तरीणबाई. अन् तोंड बांध."

मग काम जमत गेलं. उन्हात रेझिन झटकन आवळतं, म्हणून आम्ही उजाडताच सुरू करायचो. नवी फळी ह्यांनी बसवली. मॅट कापायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात शिवणकाम मलाच येतं. वर्तमानपत्राचा कागद लावून माप घ्यायचं, कोपऱ्याला चीर द्यायची, ब्लाउजच्या मुंढ्याला देतो तशी, म्हणजे वळणावर सुरकुती पडत नाही. वरून ब्रशनं रेझिन पाजायचं. पांढरी मॅट भिजली की काचेसारखी पारदर्शक होते आणि खालची फळी दिसू लागते. ते बघायला मला इतकं आवडायचं की चहा गार व्हायचा.

आता बोट गळते की नाही हे कळणार कसं? तळ्यात नेऊन बुडवायची तर हिंमत नव्हती. हे म्हणाले, पाणी बाहेर असो की आत, भोक तेच. बोट जुन्या टायरांवर टेकवली आणि नळ आला त्या दिवशी पाइप तिच्यात सोडला. आमच्याकडं मे महिन्यात नळ येतो तो पाहुण्यासारखा. भरलेली बोट पाहून शेजारच्या मावशी कुंपणाशीच थबकल्या.

"बाई, हे पाणी तुम्ही सांडून देणार?"

"नाही हो मावशी. कुठून गळतंय तेवढं बघतो, मग सगळ्यांनी न्या. पिऊ मात्र नका, वास आहे."

हे खडू घेऊन बोटीखाली शिरले. जिथून थेंब आला तिथं खूण केली. दोनच जागा निघाल्या, त्या नंतर मॅट लावून बुजवल्या. तोवर बाहेर बादल्या, घागरी, रंगाचे रिकामे डबे घेऊन सगळी गल्ली जमली होती. बायका बोटीच्या काठाशी उभ्या राहून पाणी उपसत होत्या. कुणाची गोधडी धुऊन झाली, कुणाच्या म्हशीची आंघोळ झाली, बुद्ध विहारापुढच्या पिंपळाला आठवड्याचं पाणी मिळालं. अक्का पदर खोचून काठावर उभ्या, सगळ्यांना ओळीत लावत होत्या. "एकदम गर्दी करू नगा! जल्दी भरा, सरका!" त्या दिवसापासून अक्कांच्या तोंडी "भावाची नाव"ची "आमची नाव" झाली.

गाड्याचं काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरनं केलं. नवा एक्सल, नवे बेअरिंग, रबरी रोलर, आणि हौसेनं मागं ट्रॉलीसारखी लाल-पिवळी नक्षीही काढून दिली. बोटीबरोबरच मिळालेलं जुनं इंजिन ह्यांनी दुकानात पाण्याच्या पिंपात उभं करून चालवून पाहिलं. आत पाणी खेचणारा रबरी पंखा झिजला होता. "हा तर आपला पंपच की," म्हणत ते असे खूश झाले की त्या दिवशी जेवायला आलेच नाहीत, डबा मी नेऊन दिला.

पावसाळा सरला, वर्षावासाचं ग्रंथवाचन विहारात संपलं, दुधना नदीवरचं धरण भरलं, आणि एका रविवारी आम्ही बोट घेऊन निघालो. तिथल्या मासेमारांना आधी विचारून ठेवलं होतं. त्यांनी उताराची चांगली जागा दाखवली आणि जाळी कुठं आहेत तेही सांगितलं. गाडा मागं मागं पाण्यात नेला. बोट एकदम हलली, सुटली आणि तरंगली. बास, एवढंच. पण मी ह्यांचा दंड घट्ट धरून उभी राहिले. हे वाकून आत पाणी शिरतंय का बघत होते. आत सगळं कोरडं ठाक.

अक्का पांढरं पातळ नेसून आल्या होत्या. त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं. मला वाटलं, काठावरून बघतील. तर आमच्या आधी चढून त्या स्टेअरिंगपुढं जाऊन बसल्या.

"अक्का, ती चालवणाऱ्याची जागा हाय," हे म्हणाले.

"मंग? मी चालवून राह्यले."

त्यांनी जन्मात साधी सायकल चालवली नव्हती. इंजिन दोरीच्या तिसऱ्या ओढीला सुरू झालं. हे मागं वाकून उभे, मी बाकावर घट्ट धरून बसलेली. अक्कांनी चाक फिरवलं आणि फिरवूनच ठेवलं. बोट गोल फिरली, पुन्हा गोल फिरली. काठावरचे मासेमार हात वर करून काहीतरी ओरडत होते आणि हसत होते.

"अक्का, चाक सरळ करा!" मी ओरडले. "कुठं चाललात?"

"कुठं बी न्हाई!" वाऱ्यानं त्यांचा पदर उडाला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या खदाखदा हसत होत्या. "तू बस गप!"

आम्ही तिसरा गोल घेतला.