गाळलेलं पालुपद

वाचनालयात तिला सगळे यादीबाई म्हणत. एकतीस वर्षं ती तिथल्या पुस्तकांच्या याद्या करत होती आणि बाईच्या डोक्यात याद्यांपलीकडे काही नसावं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिनेही तो समज कधी खोडून काढला नाही. जेवणाच्या सुट्टीत ती रद्द झालेल्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर काय खरडते, हे विचारायला कोणाला सवड होती?

घरी म्हातारे वडील. एके काळचे व्हायोलिनचे नावाजलेले मास्तर. डोळे दोन्ही गेले, जिभेची धार मात्र शाबूत. ती नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी त्यांनी तिच्या हातातून व्हायोलिन काढून घेतलं आणि सांगितलं, "तुला कान नाही." पुढे तेच त्यांचं पालुपद झालं. भाजी करपली, दार आपटलं, काहीही झालं तरी, "कानच नाही तुला."

तर या कान नसलेल्या बाईने अकरा वर्षं खपून त्या कार्डांवर एक कादंबरी लिहिली, आणि तीही गाण्यासारखी बांधलेली. शिकवण्या चालायच्या तेव्हा दाराआड बसून जे ऐकलं, तेच तिने वापरलं. आधी साधी धून, मग विस्तार, मग वाट चुकल्यासारखं भटकणं आणि फिरून पालुपदावर येणं. पालुपद म्हणजे दोनच छोटी वाक्यं. प्रत्येक प्रकरण तिथे येऊन टेकायचं. शब्द तेच, पण मधे काय काय घडून गेलं त्यामुळे दर वेळी वेगळे लागायचे. पहिल्यांदा ती नुसती घरातली सूचना वाटायची, पाचव्यांदा वाचताना तीच टोचायची.

हे जमलंय, एवढं एकदा तिला वडिलांच्या तोंडून ऐकायचं होतं. स्वतःचं म्हणून वाचलं असतं तर पहिल्या पानावरच निकाल लागला असता. म्हणून तिने सरळ थाप मारली. "नवीन पुस्तक आलंय, बाबा. कुणा परक्या बाईचं आहे."

कामावरून आली की ती रोज एक प्रकरण वाचायची. ते खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरून ऐकायचे. पहिलं प्रकरण संपत आलं तसा तिने दम घेतला. ती वाक्यं वाचली की हे कुणाचं घर, कुठली दुपार, सगळं उघडं पडणार. तिने ती गाळली आणि कार्डं खाली ठेवली.

वडिलांचं बोट हवेतच थांबलं. "पुढे?"

"संपलं प्रकरण."

"असं कसं संपेल? काहीतरी गळलंय."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ते वैतागले. "ही बाई मला बरोबर शेवटच्या पायरीपर्यंत आणते आणि पायरीच काढून घेते! लिहिणारीला सगळं कळतंय. वाचणारीच घोटाळा करतेय."

पाचव्या प्रकरणात दूध उतू जातं, घरभर करपल्याचा वास सुटतो आणि दार उघडंच राहतं. तिने शेवट पुन्हा गाळला. या वेळी ते वैतागले नाहीत. हळूच म्हणाले, "दुधाकडे लक्ष ठेव. मी आलेच."

आलेच. आलोच नव्हे.

त्रेचाळीस वर्षांत हे शब्द त्या घरात कोणी उच्चारले नव्हते. एवढंच बोलून आईने चपला घातल्या होत्या आणि ती गेली ती गेलीच. लेक खेळात रमली, दूध उतू गेलं. लक्ष ठेवलं असतं तर आई परत आली असती, ही पोरवयातली समजूत तिच्या मनातून कधीच निघाली नाही. सगळ्या कादंबरीचा डोलारा त्या समजुतीवरच उभा होता.

"हे माझं आहे, ते कधी ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी. ते गाळण्याआधी तू दम घेतलास. परक्याच्या वाक्यासाठी कोणी दम राखून ठेवत नाही." मग त्यांनी तोंड दाराकडे वळवलं. "पण एक चूक आहे त्यात. ते तुला नव्हतं म्हटलेलं, मला म्हटलेलं. ती मलाही 'तू'च म्हणायची. मी शिकवत होतो. मान वर केली नाही. ती दारात किती तरी वेळ उभी होती."

तिला रडू आलं नाही. संताप आला. "मग आई गेली त्या संध्याकाळी माझं व्हायोलिन का काढून घेतलंत? आईने सांगितलेलं तुला ऐकू आलं नाही, तुला कानच नाही, असं मला का म्हणालात?"

त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर नुसतं पडून होतं.

"कान आहे तुला," ते म्हणाले. "तेव्हाही होता."

एवढंच ऐकण्यासाठी तिने अकरा वर्षं जेवणाच्या सुट्ट्या घालवल्या होत्या. आता ते ऐकलं, आणि ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.