माटीची माती

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. आणि आमच्या घरात माझ्या पोटात एखादी गोष्ट उरली, हेच नवल. लग्न असो की बारसं, मला मधे बसवतात आणि म्हणतात, मातीची गोष्ट सांगा. मी सांगतो. सगळे हसतात. पण ती अर्धीच असते.

अक्कलकुव्याच्या वर, डोंगरात, अकिकाची — अंगठीत बसवतात त्या दगडाची — खाण होती. मी तिथला हजेरी-कारकून. वडिलांच्या दुकानात मीठ तोलताना भिली कानावर पडलेली — तेवढ्यावर दुभाष्याही झालो. बायको म्हणायची, "तुम्हनी भिली मीठ-मिरचीनी शे." खरंच होतं. पण एक शब्द मला पक्का येत होता. येतो त्याच्याकडे.

एका पावसाळ्यात खाण बसली. भुरीबाईचा नवरा दामजी आतच राहिला. पाणी भरलं, काम थांबलं, माणसं पांगली. पाण्याला हिरवा रंग चढला. सकाळी धुकं त्यावर असं उतरायचं, की वाटावं कुणी झोपलेल्यावर चादर घालतंय. मग विश्रामगृह झालं, शहरातले लोक हवा खायला येऊ लागले, आणि खाणीला सगळे तळं म्हणू लागले. मीसुद्धा. मला तिथंच नोकरी मिळाली होती ना — सदरा पांढरा राहायचा, चहा आयता.

भुरीबाई मात्र खाणच म्हणायची. काठावर बसून असायची.

एकदा मोठे साहेब आले, या जागेचं पुढं काय करायचं ते ठरवायला. ती उठून थेट त्यांच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, माझा माटी आत आहे, पाणी उपसा, त्याला बाहेर काढा, मला त्याचे विधी करायचेत. माटी म्हणजे नवरा. साहेबांनी तेवढाच शब्द पकडला. "मातीचं काय म्हणतेय ही?"

किती वेळ लागला असेल मला? पापणी लवायला लागतो, तेवढाही नाही. ज्या पाण्यात माणूस आहे, त्या पाण्याकाठी चहा प्यायला कोण येणार — आणि मग मला कोण ठेवणार?

"साहेब, म्हणते, ही माझी माती आहे."

साहेबांचे डोळे पाणावले. घरी गोष्ट इथंच संपते.

महिन्याभरात काठावर पाटी लागली — 'ही माझी माती'. भुरीबाईनं विचारलं, "भाई, सांगितलंस ना त्यांना?" सांगितलं, म्हणालो. "मग हे काय लिहिलंय?" आणि मी — काय म्हणावं मला — म्हणालो, तुझ्या माणसाचं नाव. पाणी उपसतील तोवर राहील. "कुठलं ते?" मी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

त्यानंतर ती दर बाजाराच्या दिवशी यायची. पाटीखाली मोहाची फुलं ठेवायची आणि त्या दोन अक्षरांवरून बोटं फिरवायची, हळूहळू, जसा कुणाच्या कपाळावरून हात फिरवावा. पाहुणे फोटो काढायचे. किती जीव हिचा मातीवर, म्हणायचे. हो, म्हणायचो मी. आणि चहा सांगायचो.

ती गेली त्या वर्षी पाहिलं — पाटीवरचा तेवढाच शब्द पुसला गेला होता.

रंगारी बोलावला. तो ब्रश बुडवून थांबला. "आठे काय लिखू, भाऊ?"

"होतं तेच," मी म्हणालो.