झोपाळ्याचा रेटा

आजारपणातून उठलेले आमचे हे झोपाळ्यावर बसले होते. मी नेहमीसारखा पायाने रेटा दिला, तर झोपाळा असा सुटला की हे ओरडले, "अगं, पाडतेस का मला!"

नववीतली नात हसली. "आजी, आजोबांचं वजन कड्यांनी पेललंय. तुझ्या पायाला कळतं ते वस्तुमान. चंद्रावर वजन कमी होईल, वस्तुमान तेवढंच राहील."

चंद्रावर राहील हो, पण इथे तापात उतरलं ना!

गंमतच आहे. इतकी वर्षं वाटायचं, यांचा भार मी हलवतेय. तो परस्पर कड्याच घेत होत्या. माझ्या पायाला लागायचं ते नुसतं यांचं असणं.

काल झोपाळा हलवायला जरा जड गेला. मी यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.